सासऱ्यांची अर्थिंग

मागच्या अंगणातल्या सुट्या खोलीत माझे सासरे राहतात. पूर्वी तिथे अडगळ असायची. सासूबाई गेल्यावर हिने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यांना आणलं, तेव्हा ते म्हणाले, जावयाच्या घरात राहणार नाही. मग ती खोली रिकामी केली. ते जन्मभर वायरमन. बोर्ड स्वतःच बसवला. घरातून फेज आणि न्यूट्रल घेतली, नाइलाज होता. अर्थिंगची वायर मात्र घेतली नाही. खोलीमागे जमिनीत वेगळा रॉड ठोकला आणि हिला म्हणाले, "माझी अर्थिंग माझी. सांग त्यांना."

मी तिथेच उभा होतो.

आमचं बोलणं असंच, हिच्यामार्फत. भांडण नव्हतं, सवय पडली. ते म्हणायचे, "त्या शहाण्याला म्हणावं नळ नीट बंद करत जा." ही येऊन सांगायची, "बाबा विचारतायत, वॉशर गेलाय का?" मी म्हणायचो, "म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही?" ती जाऊन सांगायची, "आजच बघतायत ते." अंगण केवढंसं, दोघांनाही सगळं ऐकू यायचं. तरी तिने सांगितलेलंच आम्ही खरं धरायचो.

ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही.

सासरे आता अंथरुणाला खिळलेत. विजेवर वर-खाली होणारी लोखंडी कॉट, तिच्यावर हवेची गादी. गादीचा पंप सतत चालू ठेवावा लागतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. एक झालेलीच आहे.

त्या दिवशी त्यांचं अंग पुसायला गेलो. कॉटला हात लागला आणि खांद्यापर्यंत झटका बसला. ते रबरी गादीवर होते म्हणून वाचले. मेन बंद केलं आणि वायरमनला बोलावलं. तो सासऱ्यांच्याच हाताखाली शिकलेला.

त्याने सगळं तपासलं. "कॉटच्या मोटरचा करंट लोखंडात उतरलाय. मोटर बदलू. पण अशा वेळी एमसीबी आपोआप पडायला हवा. तो पडला नाही, कारण नुसता रॉड आहे."

"रॉड माणसाहून उंच आहे," सासरे म्हणाले.

"असेल हो. पण मातीतून करंट जाऊन जाऊन किती जाणार? तेवढ्याने एमसीबी पडत नाही. अर्थची वायर थेट घरच्या मेन बोर्डापर्यंत हवी. तुम्हीच शिकवलंत."

"बाकीचं सगळं विसरलास, एवढंच बरं लक्षात राहिलं."

"त्या वायरीशिवाय मी लाइट चालू करणार नाही. उद्या हे चिकटून बसले तर?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

सासरे छताकडे बघत होते. "त्यांना सांग, मला घरातली वायर नको."

वायरमन माझ्याकडे वळला. "नको म्हणतायत."

बस, तेवढंच. जसं आलं तसं. हिने त्याचं काहीतरी केलं असतं.

गादीतली हवा उतरत होती. खांद्याखालचा फुगवटा बसला, मग कमरेखालचा. ते ओठ मिटून पडले होते.

"पाठीला त्रास होईल म्हणावं," मी वायरमनला म्हणालो.

"होऊ दे म्हणावं," सासरे म्हणाले.

"अहो, मी काय पोस्टमन आहे का?" तो वैतागला. "समोरासमोर आहात, बोला की!"

आम्ही दोघांनीही त्याच्याकडेच पाहिलं.

मी तोंड उघडलं. पण त्यांना हाक काय मारायची? बाबा हिचे. मला कधी हाक मारायची वेळच आली नव्हती. तोंड मिटलं. गादी आणखी खाली गेली आणि ते कण्हले.

"घाल वायर," मी वायरमनला म्हणालो.

जुन्या पाइपात जागा होती. मी घरातून वायर सरकवत होतो, तो खोलीतून ओढत होता. परत गेलो तेव्हा तो बोर्डात हिरवी वायर घट्ट करत होता.

"न्यूट्रलला जोडलीस का?" सासऱ्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही बाबा. अर्थ आणि न्यूट्रलची गाठ फक्त घरच्या मेन बोर्डात. इथे दोन्ही वेगळ्या."

"हं."

त्याने मीटर लावून खात्री केली, कॉटचा प्लग काढून ठेवला आणि लाइट चालू केली. पंप घरघरला. गादी हळूहळू वर आली.

"माझी मुलगी असती तर मला विचारलं असतं," सासरे म्हणाले. "सांग त्यांना."

वायरमनने नाही सांगितलं. त्याने पिशवी उचलली, मोटर मिळाली की येतो म्हणाला आणि गेला.

त्यांची कूस बदलायची राहिली होती. मी कॉटला बोटाची मागची बाजू लावून पाहिली. काही नाही. आता हात खांद्याखाली घालायचा. त्याआधी त्यांना सांगावं लागतं, नाहीतर ते दचकतात आणि जखम ओढली जाते. ही सांगायची. मी नुसताच करायचो, आणि ते दरवेळी दचकायचे.

मी घसा खाकरला. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

पंप चालू होता. मी हात पुढे करून तसाच उभा राहिलो.