दिवसाची प्लेट

नम्रताच्या घरात रात्र व्हायची ती सकाळी. रात्रपाळी संपली की खराडीच्या कंपनीची गाडी तिला येरवड्यात सोडायची आणि ती जाड पडदे ओढून झोपायची. अमेरिकेचा दिवस तोच तिचा दिवस. अंगाला काय, लावाल तशी सवय लागते, असं ती नव्या पोरींना मोठ्या तोऱ्यात सांगायची.

तिच्या लेकीचा, कल्याणीचा, खालचा जबडा मागे होता. सदाशिव पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो पुढे आणायला काढता-घालता येणारी प्लेट दिली. वाढीचं वय आहे तोवरच हे जमेल, म्हणाल्या. संध्याकाळी घालायची, सकाळी काढायची. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पेठेत कारणं सांगायची पद्धत नाही, आणि नम्रतानंही विचारलं नाही.

पण रात्री घरात असायच्या सासूबाई, द्वारकाबाई. प्लेट घातली की पोरीची लाळ गळायची, ती झोपेत कण्हायची. त्यांचा जीव वरखाली व्हायचा आणि त्या प्लेट काढून वाटीत ठेवायच्या. सासूसुनेची बरीच धुसफुस झाली. शेवटी नम्रतानं कंपनीत करतात तेच केलं, प्लेटची शिफ्ट बदलली. तास तेवढेच, फक्त दिवसाचे. कामावरून आली की स्वतःच्या हातानं प्लेट बसवायची, संध्याकाळी निघताना काढायची. तेव्हा तिला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

शाळेत प्लेटमुळे कल्याणीचे शब्द बोबडे यायचे. पोरं नक्कल करायची. आधी तिनं वर्गात हात वर करणं सोडलं, मग मैत्रिणी, मग घरातलं बोलणंही. प्लेट मात्र सोडली नाही, कारण आईनं सांगितलं होतं. दर खेपेला डॉक्टरीणबाई विचारायच्या, घालते ना? नम्रता ठसक्यात सांगायची, अगदी न चुकता.

दीड वर्षानं एक्स-रे काढले. वाढ जवळपास संपली होती आणि जबडा होता तिथंच होता. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, नेमकी कधी घालते? नम्रतानं सांगितलं.

"अहो, हाड रात्री वाढतं, मूल झोपेत असताना," त्या म्हणाल्या. "तुमच्या ड्यूटीप्रमाणे नाही." आता अठराव्या वर्षानंतर ऑपरेशन करून, हाड कापूनच जबडा पुढे घ्यावा लागेल, एवढं सांगून त्यांनी पुढचा पेशंट बोलावला.

मायलेकी रिक्षात बसल्या. नम्रताला रडू येत होतं आणि पोरीसमोर रडायचीही लाज वाटत होती. पूल ओलांडल्यावर कल्याणी म्हणाली, "म्हणजे शाळेत नसती घातली तरी चाललं असतं?"

कित्येक महिन्यांत तिनं आपणहून काही विचारलं नव्हतं. खोटं उत्तर नम्रताच्या अगदी ओठावर आलं.

"हो," ती म्हणाली.

कल्याणीनं मान हलवली. मग रुमालानं हनुवटी झाकून ती घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.