घाट मिटण्याआधी

सकाळच्या नमाजानंतर मशिदीच्या भोंग्यावरून फकीहाने, गावच्या मौलवीने, बर्फाचा इशारा दिला, आणि तोही गाऊनच दिला. त्या माणसाला साधं बोलणं ठाऊकच नव्हतं. मरणाची आठवण असो की मेंढ्यांची लस, त्याच्या गळ्यातून सगळं चालीवर यायचं. "काल इशारा केशरी होता तो आज लाल झाला, बाबांनो! संध्याकाळी बर्फ येतंय, घाट मिटतोय. गुरं आत घ्या, सरपण आत घ्या, आणि त्या दयाळूचं नाव ओठांत घ्या..."

चुलीपुढं बसलेल्या तुडाचे डोळे भरून आले. फकीहाचा सूर कानी पडला की ते भरायचेच. पाणवठ्यावरच्या बाया तिला त्यावरून चिडवायच्या. पण आज त्या पाण्यात भक्ती किती आणि भीती किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पहाटे सुनेच्या पोटाला तेल लावताना बाळाचं डोकं हवं तिथं लागलं नव्हतं. ते कुशीला लागलं. बाळ आडवं होतं. गावातली निम्मी पोरं तुडाच्या हातांत जन्मली होती. आडवं मूल म्हणजे काय, ते त्या हातांना कळत होतं. आणि हे आपल्याच्यानं निभणार नाही, हेही.

एवढ्यात दारात मुकादम हद्दू उभा राहिला. "तुडाआत्या, खाली दवाखान्याची गाडी लागलीय. दिवस भरलेल्या बायांना बर्फाआधी तालुक्याच्या बाळंतघरी पोचवायचा हुकूम आहे. सोबतीला जागा नाही, सांगून ठेवतो. चार गावच्या बाया कोंबल्यात."

"हुकूम कुणाचा?" आतून येझ्झाने, सुनेने, विचारलं.

"बर्फाचा. त्याच्यापुढं आमचे साहेबसुद्धा कानटोपी घालून बसतात."

"मग बर्फाला सांगा, येझ्झा येत नाही. घरधनी मेंढ्या घेऊन वर डोंगरात. तो उतरून येणार आणि घरात मी नाही?"

"त्याला मी भाकर घालीन," तुडा म्हणाली. "तीस वर्षं घालतेच आहे. तू जा, पोरी."

येझ्झा खुदकन हसली, पण हलली नाही. घराच्या मधल्या खांबाला पाठ लावून बसली. आईवेगळी वाढलेली पोर. या घरात येऊन तिला पहिल्यांदा कुणीतरी वेणी घालून दिली होती. सासूला ती मानाने लाल्ला म्हणायची. "लाल्ला, तुम्हीच म्हणत होता ना, नातवंड पहिलं माझ्या ओंजळीत येणार? मग आता मला परक्यांच्या हातात का देता?"

तुडा तसं म्हणत तर होतीच. साऱ्या गावाला सांगून झालं होतं. खरं सांगावं, तर भ्यालेल्या बाईचं पोट दगड होतं. न सांगावं, तर पोर उठत नव्हती. खाली गाडीने भोंगा वाजवला.

तुडाने डोईचं फडकं सोडलं. पिकलेली, दोरीएवढी वेणी खांद्यावर आली. तिने ते फडकं येझ्झाच्या पायांवर ठेवलं.

त्या डोंगरात खुन्याचे आईबाप मेलेल्याच्या दारी जाऊन माफीसाठी असं करतात. डोईचं वस्त्र पायांशी पडलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. म्हटलं तर घराची बरकत जाते. पण सासूने सुनेच्या पायांवर? हद्दूने झटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. "आत्या, अगं काय हे!"

येझ्झाचा चेहरा उतरला. एवढं मोठं मागणं उगाच कुणी मागत नाही, हे तिला कळलं. "लाल्ला," ती हळूच म्हणाली, "बाळाचं काही आहे का?"

"आडवं आहे गं. खाली डॉक्टरीण असते. सुरीनं काढतात, आणि आई जगते. माझ्याजवळ फक्त तेल आहे."

"आधी का नाही सांगितलंत?"

"माझ्या हातांना लाज वाटली."

येझ्झा कशीबशी वाकली. फडकं उचललं, झटकलं आणि स्वतःच्या हातांनी सासूच्या डोईला नीट बांधलं. मग तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि हद्दूला म्हणाली, "चला. हळू चालवायला सांगा त्या ड्रायव्हरला."

गाडी घाटाखाली गेली आणि संध्याकाळची वाट न बघता तासाभरात बर्फ सुरू झालं. तिन्हीसांजेला तुडाचा लेक लहसेन मेंढ्या घेऊन पोचला, दाढी पांढरीफटक. घरभर नजर फिरवून म्हणाला, "कुठाय ती?"

"खाली पाठवली."

"तू? तू पाठवलीस?"

"मीच. जेव आधी."

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा उंबरा दिसत नव्हता. मातीचं धाबं ओझ्यानं बसू नये म्हणून लहसेन वर चढून लाकडी फावड्यानं बर्फ ओढत होता. फोनला रेंज मिळते ती तिथंच. तो वाजला, आणि लहसेन असा ओरडला की तुडा या वयात सरसर शिडी चढली आणि फोन तिने आपल्याच कानाला लावला.

पलीकडून एक नर्स बोलत होती. बाळंतघरातून मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली. पोटाला टाके आहेत, पण दोघी बऱ्या आहेत.

"देणारा तो," तुडा म्हणाली. मग, "पहिली कुणाच्या हातांत आली गं?"

"माझ्याच, मावशी."

आजवर ज्यांच्या घरी तुडा बाळंतपण करायला गेली, तिथल्या म्हाताऱ्या तिला जे म्हणत आल्या, ते आज तिच्या तोंडी आलं. "तुझ्या हातांना कधी काटा न रुतो, लेकी. तुझी ओंजळ कधी रिकामी न राहो." आणि लगेच, "पण गार आहेत का गं हात? बाळ घेण्याआधी विस्तवावर धरत जा."

नर्स हसली. "इथं हीटर आहे, मावशी."

"असू दे. तरी धरत जा."

"आई, मला बोलू दे की!" लहसेनने हात पुढं केला.

"तू बर्फ ओढ," तुडा म्हणाली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.