दोन जावा, तांबडी गाय आणि मी

मित्रांनो, मी हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई आहे. दोन माणसं आत बसतील एवढी मोठी, काळी आहे, पण कुरुंद्याच्या लोहारानं ठोकलेली आहे. टिचकी मारली की पोचा पडावा असलं माझं अंग नाही. बारा वर्षं मी बंजाऱ्यांच्या तांड्याची हळद शिजवली. पोटात पाणी आणि बुडाखाली आग, एवढंच जग मला ठाऊक होतं.

पुढं माझ्या मालकाच्या, नेमसिंगच्या घरात दोघा भावांची वाटणी झाली. शेत तुटलं, चूल तुटली. मी आणि तांबडी गाय तेवढ्या सामाईक राहिलो, कारण आम्हाला कापता येत नव्हतं. भावांच्या बायका, थोरली मोतीबाई आणि धाकटी भिकाबाई, एका लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून रुसल्या, त्या दोन वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत.

सन दोन हजार पाचच्या भादव्यात धरणाचं पाणी रानात फुगलं आणि दिवस भरलेली तांबडी कुठल्यातरी टेकाडावर अडकली. गडी म्हणाले, गेली गाय. जावा म्हणाल्या, नाही. एकटीनं आणली तर गाय तिचीच होईल, म्हणून दोघीही निघाल्या. नाव कुठून आणणार? मलाच पाण्यात लोटलं आणि वल्ह्याच्या जागी एकेक फळी घेतली.

पाणी बाहेरून कसं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं! मासे बुडाला टोचून जायचे. हे कोण, यांना माझ्याशी काय काम, असं मला सारखं वाटायचं. पण मी गोल. मला पुढं नाही, मागं नाही. एकीनंच फळी मारली की मी भिंगरीसारखी फिरायची. दोघींनी बराबर मारायला हवी आणि दोघींचा अबोला! मग त्या माझ्याशी बोलू लागल्या.

"कढई, सांग तिला, जोर लाव म्हणावं."

"कढई, तिला म्हण, आपली फळी पाण्यात हाय का हवेत, ते बघ आधी."

जन्मात माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. मला भारी मौज वाटली.

दोन दिवस अशी टेकाडं धुंडाळली. तिसऱ्या दिवशी भाकरी संपली. आज गाय दिसली नाही तर परतायचं, असं दोघींनी मलाच सांगितलं. दुपारी एका पळसाच्या टेकाडावरून हंबरडा आला. तांबडी उभी होती आणि पायाशी ओलं वासरू. टेकाड खळ्याएवढंच उरलेलं. दिवस मावळेपर्यंत तेही बुडणार होतं.

वासरू माझ्यात घेतलं, दोघी चढल्या आणि पाणी माझ्या काठाला लागलं. एकीला उतरणं भाग होतं.

"कढई, सांग तिला, मी थांबते," भिकाबाई म्हणाली.

"कढई, म्हण तिला, लई शहाणी हायेस. बस गुमान, वल्हव."

मोतीबाई उतरली. गायीचा दोर तिनं माझ्या कडीला बांधला आणि शेपूट मुठीत धरलं. तांड्याच्या बापजाद्यांनी बैलांच्या शेपट्या धरूनच नद्या ओलांडल्या होत्या.

भिकाबाईनं फळी मारली, मी फिरू लागले. तेवढ्यात वासराच्या मागं गाय पाण्यात आली. दोर ताणला आणि माझं फिरणं थांबलं. मलाही पुढचं तोंड आलं, मित्रांनो!

निम्म्यावर मोतीबाईच्या हातातून शेपूट निसटलं. डोकं पाण्याखाली गेलं.

भिकाबाई मला विसरली. "बाई! बाई गं! दोर धर! तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?"

दोर धरून डोकं वर आलं. खोकत मोतीबाई म्हणाली, "बोंबलती काहून? हात चालव!"

चीक आधी कुणाच्या घरी जाणार, यावर भांडत दोघी काठावर चढल्या. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

पुढं हळद शिजवायला बॉयलर आला. मी गोठ्यामागं उताणी पडले. पोटात पाणी साचतं, बूड गंजून चाललं आहे.

तेव्हा मित्रांनो, मला पालथी घाला, तेलाचा हात लावा. आणि आपल्या माणसाशी रुसलात तर मधे निरोप्या घेऊ नका, तोंडावर भांडा. त्या दिवशी मोतीबाई वर आली नसती, तर भिकाबाईचं बोलणं माझ्यापाशीच राहिलं असतं. आणि कढई ते कुणाला नेऊन देणार होती?