तोंडाला काय लावलंत?

बाराव्या खेपेला सरोजनं कोणती साडी नेसू हे विचारायचंही सोडून दिलं. आई काढून ठेवील ती नेसायची, पोह्यांची बशी पुढं करायची, नाव-शिक्षण सांगायचं, चार पावलं चालून दाखवायची आणि मग आठ दिवस पोस्टमनची वाट बघायची. पत्रिका जुळत नाही असं पत्र आलं की आई देवापुढं बसून रडायची आणि सरोज शाळेत जाऊन मुलींच्या वह्या तपासायची. तिला अठ्ठाविसावं सरलं होतं. तिची पत्रिका नेमकी कुणाशीच का जुळत नाही, हे तिचा सावळा रंग पाहून सगळ्या नौपाड्याला कळत होतं. बोलून मात्र कुणी दाखवत नव्हतं.

या वेळचं स्थळ डोंबिवलीचं होतं, मुलगा बँकेत होता. मंडळी रविवारी यायची होती. वडील, त्र्यंबकराव, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "हे शेवटचं. यानंतर आपल्या उत्तराचं बघायला घेऊ. धाकटीला आणखी किती दिवस अडवून ठेवायचं?"

सरोजला धाकट्या बहिणीचा राग आला नाही, वडिलांचाही नाही. राग यायलाही अंगात त्राण लागतं. होकार यावा असं मात्र तिला अजूनही वाटत होतं, आणि दर वेळी असं वाटून घेण्याचाच तिला शीण आला होता.

आईनं मात्र कंबर कसली. बुधवारपासून रोज सकाळी ती लिंबू कापून सरोजच्या गालांवर खसाखसा चोळायला लागली.

"आई, झोंबतंय."

"झोंबतंय म्हणजे गुण येतोय. हलू नकोस."

शनिवारी दुपारी आईनं तिला कोपरीला विमलाबाईंकडे नेलं. विमलाबाईंनी फोर्टातल्या एका मडमेच्या दुकानात बारा वर्षं बायकांचे चेहरे स्वच्छ करून दिले होते. मडम विलायतेला परत गेली, तेव्हापासून त्या घरीच हे काम करत. पांढरं पातळ, बारीक कापलेली नखं, आणि बोलणं मोजकं. स्टोव्हवर पाण्याचं पातेलं चढवून त्या समोर येऊन बसल्या.

"आधी चार गोष्टी विचारते. त्या खऱ्या सांगायच्या. घरी काही कार्यक्रम आहे का? असला तर निदान आठ दिवस आधी यावं लागतं. माझ्या मलमानं वरची कातडी निघते, दोन-तीन दिवस तोंड लाल दिसतं."

"छे हो, कसला कार्यक्रम!" आई म्हणाली. "सहजच आलो."

बघायला कुणी येणार असलं की आई ते कुणाला म्हणून कळू देत नसे. जमायच्या आधी दृष्ट नको आणि फिसकटलं तर बोभाटा नको. शेजारच्या गंगुबाईंना फोडणीचा वास जाऊ नये म्हणून ती पोहेसुद्धा खिडकी लावून करायची. अकरा वेळा गंगुबाईंना सगळं कळलं होतं ही गोष्ट निराळी.

"आठवड्यात तोंडाला काय लावलंत? लिंबू, हळद, दुसरं कुठलं मलम?"

"काही नाही. साधं पाणी." मुलीचा रंग उजळावा म्हणून आपण घरी काय काय करतो हे परक्या बाईला सांगायचं आईच्या जिवावर आलं होतं.

विमलाबाईंनी सरोजकडे पाहिलं. "मी हिला विचारतेय. काय गं?"

सरोजनं तोंड उघडलं, तेवढ्यात आईचं कोपर बरगडीला लागलं.

"नाही," सरोज म्हणाली.

विमलाबाईंनी तिच्या कानामागं बोटभर मलम लावलं आणि घड्याळ लावून बराच वेळ थांबल्या. तिथं काहीच झालं नाही. कानामागं लिंबू कोण चोळतं?

मग वाफ झाली. मग मलम चेहऱ्यावर पसरलं.

"आग झाली तर लगेच सांग हं."

आग झाली. आधी गालांवर, मग कपाळावर. सरोज डोळे मिटून, मुठी आवळून बसली. झोंबतंय म्हणजे गुण येतोय, हे चार दिवसांत तिच्या चांगलं अंगवळणी पडलं होतं. विमलाबाईंची नजर गालावर गेली तेव्हा त्या ओरडल्याच. "अगंबाई! पुसा, पुसा! काय लावलं होतंत तोंडाला?"

तोंड पुसून होताच आईनं सरोजला हाताला धरून उठवलं. गार दुधाच्या घड्या ठेवा, साबण नको, ऊन नको, असं विमलाबाई दारापर्यंत येऊन सांगत राहिल्या.

रविवारी सकाळी सरोजचे गाल सोलवटले होते. आईनं वरून पावडर थापली, तिचे पापुद्रे झाले. मंडळी आली. सरोजनं बशा पुढं केल्या. मुलाच्या आईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"मुलीच्या तोंडाला हो काय झालंय?"

"काय सांगायचं!" आई म्हणाली. "कोपरीत एक बाई आहे, तिनं भाजलं बघा माझ्या पोरीला. असल्या बायकांना..."

"त्यांनी नाही," सरोज म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला स्वतःचा आवाज फार मोठा वाटला, तरी ती थांबली नाही. "त्यांनी दोनदोनदा विचारलं होतं. कार्यक्रम आहे का, लिंबू लावलंय का. आम्ही दोन्हीला नाही म्हटलं. चार दिवस लिंबू चोळलंय. तुम्ही येणार म्हणून."

मुलगा बशीतले पोहे चिवडत राहिला. त्याची आई उठली. "कळवू आम्ही," ती म्हणाली. पत्रिकेचं नाव या वेळी कुणी काढलं नाही.

सरोज आतल्या खाटेवर जाऊन पडली. स्वयंपाकघरात आई भांडी आपटत होती. आता आपली खरडपट्टी निघणार, हे तिला माहीत होतं, आणि त्याचंही तिला काही वाटेना. मग भांडी थांबली. आई दुधाची वाटी आणि जुन्या धोतराची घडी घेऊन आली, खाटेच्या कडेला बसली. तिनं घडी गालावर टेकवली.

"झोंबतंय का गं?"

सवयीनं सरोज नाही म्हणणार होती.

"हो," ती म्हणाली. "फार झोंबतंय, आई. बुधवारपासून."

आईनं हात मागं घेतला. सरोजला रडू फुटलं, आणि ते खारं पाणीही गालांवर झोंबायला लागलं. आईनं ते पदराच्या टोकानं टिपलं, लिंबू चोळणाऱ्या त्याच हातानं, पण अगदी हलकेच.