सुट्टीवरच्या पेशी

मलिवनने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. बाटलीच्या तळाला चिकटून असायला हव्या होत्या त्या पेशी गोल होऊन, सुटून तरंगत होत्या. मेल्या होत्या.

"ताई, दिसतंय ना?" मागून कन्निकाने विचारलं.

"दिसतंय."

पित्तनलिकेच्या कर्करोगाच्या या पेशींना केमोचं औषध पचवायला मलिवननेच शिकवलं होतं. सहा वर्षं, थेंबाथेंबाने मात्रा वाढवत. थायलंडमधल्या खोनकेनच्या इस्पितळात माणसांच्या पोटात जे होत होतं, तेच बाटलीत. आता त्यांना पुन्हा औषधापुढे नमवायचं होतं, आणि ते दीड वर्षापूर्वी आलेल्या या पोरीने औषधाला एका नव्या रसायनाची जोड देऊन करून दाखवलं होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख थाविन सर, त्यांनी सगळ्यांसाठी भाजलेली कोंबडी आणि चिकट भात मागवला.

"पोरीच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

मलिवनने कोंबडीचा तुकडा तसाच बाजूला ठेवला. उंदरांवरचे प्रयोग कोणी करायचे हे शुक्रवारी ठरणार होतं. ते काम आपलंच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"सोंगक्रानला गावी गेले ना," कन्निका भाताचा गोळा वळत सांगत होती, "तेव्हापासून तीन आठवडे पेशींना औषध घातलंच नाही. म्हटलं, नवं वर्ष सगळ्यांचं, त्यांनाही सुट्टी. आल्यावर लगेच प्रयोगाला घेतल्या."

सगळे हसले. मलिवन सगळ्यांत मोठ्याने हसली. रोजचं औषध बंद झालं की या पेशींची सवय मोडते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे पोरीने आधीच मऊ पडलेल्या पेशी मारल्या होत्या. मलिवनला लाज वाटावी इतका आनंद झाला.

हे तिला शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलायचं होतं. पुराव्यासाठी तिने एक दिवसही औषधाविना न राहिलेली आपली बाटली काढली. काही पेशींना नुसतं औषध दिलं, काहींना औषध आणि कन्निकाचं रसायन.

गुरुवारी सकाळी तिने पाहिलं. नुसत्या औषधातल्या मजेत वाढत होत्या. दुसऱ्या सगळ्या मेल्या होत्या. मलिवन स्टुलावर बसली. तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

शुक्रवारी सरांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

"कन्निकाचा प्रयोग चुकलाय," मलिवन म्हणाली आणि तिने सुट्टीची गोष्ट सांगितली.

कन्निकाचा चेहरा उतरला. सरांनी चष्मा काढून ठेवला.

"म्हणजे हे सगळं रद्द?"

इथे गप्प बसणं सोपं होतं. मलिवनने मांडीवर पालथा ठेवलेला फोटो टेबलावर सरकवला.

"सुट्टी न मिळालेल्या पेशी. त्याही मेल्या. रसायन खरं आहे."

"हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"कोणी नाही. ही तोंडावर पडावी म्हणून केलं."

कन्निकाने फोटो ओढून घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "उंदरांच्या वेळीही माझ्यावर अशाच जळा."

सरांनी कागद पुढे घेतला. उंदरांच्या कामापुढे कन्निकाचं नाव लिहिलं, निकालांच्या तपासणीपुढे मलिवनचं.

मलिवनने पहिलं नाव दोनदा वाचलं, मग मान हलवली.