सांताक्रूझ की सहार

बंगळूर ते मुंबई पावणेदोन तास, हे आमच्या ह्यांनी मला आठवडाभर ऐकवलं. आमचा मुलगा नितेश तिथून विमानाने येणार आणि मुंबईत दुसरं विमान पकडून कॅनडाला जाणार होता, दोन वर्षांसाठी. मध्ये आम्हाला मिळणार होता एक तास. तेवढ्यासाठी मी पहाटे उठून घावणे घातले आणि नऊ वाजता आम्ही मुलुंडहून रिक्षा केली.

पवईपर्यंतच तास गेला. माझी कंबर धरली, ह्यांची बडबड मात्र चालूच. सांताक्रूझ विमानतळावर सामान चढवण्यात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला विमानातलं कोण काय सांगणार? मरोळला रिक्षावाल्याने विचारलं, "काका, सहार ना?"

"नाही रे. देशातलं विमान सांताक्रूझला उतरतं. परदेशातलं सहारला."

"आता तसं राहिलं नाही, काका."

"तू सरळ चल."

मी म्हटलं, "अहो, नितेशने तिकीट पाठवलंय. एकदा बघा तरी." ह्यांनी मोबाईल खिशातून काढलासुद्धा नाही. मग मीही गप्प बसले, चाळीस वर्षांची सवय. ह्यांच्यापेक्षा मला माझाच राग जास्त येतो.

सव्वाअकराला सांताक्रूझला पोचलो. साडेअकराला नितेशचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावला.

"बाबा, मी बाहेर आलो. कुठे आहात?"

"गेटासमोर."

"मीपण गेटासमोरच आहे."

बाहेर पडणाऱ्या माणसांचे चेहरे हे एकेक करून बघत राहिले. मग हळूच विचारलं, "सहारला उतरलास काय रे?"

"हो बाबा. तिकिटावर आहे ना ते."

दोन्ही एकाच विमानतळाची टोकं, मध्ये चार-पाच किलोमीटर. पुन्हा रिक्षा. हायवेवर गाड्या नुसत्या उभ्या. ह्यांची बडबड आता बंद पडली होती, आणि मला ती हवीशी वाटत होती. मांडीवरचा घावण्यांचा डबा गार झाला. साडेबाराला आम्ही अजून सिग्नलला होतो, तेव्हा नितेशचा पुन्हा फोन आला.

"आई, आता आत जावंच लागेल. नाहीतर विमान चुकेल."

"जा बाळा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? एकदा आत गेला की त्याला बाहेर सोडणार नव्हते.

ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"नितेश, तिकडून मुंबईला यायला किती तास लागतात रे?"

"अठरा-वीस लागतात, बाबा."

"बरं. येशील तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच येऊन बसतो. आणि कुठे उतरणार ते तुझ्या आईला सांग. मला नको."