हौदातला निळा

अणुभट्टी कायमची बंद व्हायची होती, म्हणून जुन्या माणसांना शेवटचं बघायला बोलावलं होतं. त्यात निळेकाका पहिले. अख्खी नोकरी त्यांनी त्या खोल हौदाच्या कठड्यापाशी काढली होती आणि तळाच्या निळ्या उजेडाबद्दल ते इतकं बोलत, की पोरांनी त्यांचं आडनावच बदलून टाकलं.

तो उजेड होताच तसा. पाण्यात उजेडाची चाल मंदावते, पण इंधनाच्या सळ्यांमुळे सुटलेले इलेक्ट्रॉन त्याच्याही पुढे पळतात. जोरात निघालेल्या होडीमागे लाटांची पाचर उमटते, तसा त्यांच्या मागे निळा उजेड उमटतो. नव्या माणसाला काका हे होडीचं ऐकवायचेच. कुठली सळी ताजी, कुठली थकलेली, हे त्या निळ्यावरून कळायचं. बाहेरचे तपासनीस खास कॅमेरा लावून, इंधन जागच्या जागी आहे ना, हे त्याच्यावरूनच बघून जायचे. "आकाशातून येणारे कण टिपायलाही हाच निळा वापरतात," काका सांगत, आणि त्यांनीच तो वापरायला दिल्यासारखी मान हलवत.

त्यांच्या बायकोने तो एकदाच पाहिला, कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना आत सोडलं होतं त्या दिवशी. कठड्याला धरून ती बराच वेळ गप्प उभी होती. काकांना वाटलं, घाबरली. घरी जाताना म्हणाली, "रोज हे बघता, आणि घरी येऊन भाजीत मीठ कमी म्हणता?"

काका निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी तिने लोकरीची दुकानं पालथी घालून त्यांच्यासाठी त्याच रंगाचा स्वेटर विणला. काकांनी तो खिडकीपाशी धरला आणि नाक मुरडलं. "हा हिरवट झालाय. जन्मभर बघितलाय मी तो रंग, मला सांगतेस?"

"असेल," म्हणून तिने तो घडी घालून ठेवला. पुढे ती गेली, आणि स्वेटर कपाटातच राहिला.

निरोपाच्या दिवशी लेकीचा हात धरून काका कठड्याशी गेले. भोवतालची माणसं हरखून बघत होती. काकांना मात्र दिसलं धुण्याच्या पाण्यासारखं काहीतरी मळकट.

"पाणी गाळत नाही का तुम्ही?" त्यांनी पाळीप्रमुख बाईंना दटावलं. बाई एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या.

"काका, पाणी काचेसारखं आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," लेक हळूच म्हणाली. "बाबा, मोतीबिंदूचं किती टाळाल? डॉक्टर म्हणाले ना, डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं पडत आलंय, निळा आत शिरतच नाही."

संध्याकाळी भट्टी बंद झाली. परतताना गाडीत काकांना रडू आलं. एवढी जन्माची सोबत, आणि निरोपाच्या वेळी आपणच आंधळे.

जेवताना मात्र ते एकदम ताठ बसले. "अगं, भट्टी बंद झाली म्हणून सळ्या लगेच निवत नाहीत. निळा रोज थोडा थोडा उतरतो, पण काळोख केला तर दिसतो. उद्याच डॉक्टरांना फोन कर."

लेक बघतच राहिली. तिच्या विनवण्यांनी जे झालं नव्हतं, ते त्या हौदाने एका जेवणात करून दाखवलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बाहेर पडायची परवानगी दिली, तशी पाळीप्रमुख बाईंनी वरच्यांकडून त्यांना पुन्हा हौदापाशी आणायची मिळवली. तिथे आत गार असतं, म्हणून निघताना लेकीने कपाटात हाताला लागला तो स्वेटर त्यांच्या अंगात चढवला. काळ्या चष्म्यातून काकांना सगळे स्वेटर सारखेच.

"फार उतरलाय हं काका," बाई आधीच म्हणाल्या. "मला काल दिसला नाही."

"दिवे लगेच लावले असशील. अंधार डोळ्यात मुरू द्यावा लागतो."

दिवे मालवले. काकांनी चष्मा काढला. काही दिसेना. बाईंची चुळबुळ सुरू झाली, लेकीने काकांचा दंड धरला, तरी ते कठडा सोडेनात. मग तळाशी एका सळीची कड दिसली, तिच्या शेजारची दिसली, आणि हळूहळू सगळा निळा वर आला. फिकट होता, पण तोच होता.

"आहे," ते म्हणाले. नंतर एके काळी बायको उभी होती तसेच तेही कठडा धरून उभे राहिले.

दिवे लागले. चष्मा अजून हातातच होता, आणि कठड्यावर टेकलेल्या स्वेटरच्या बाहीकडे त्यांची नजर गेली. ती त्यांनी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. हिरव्याचा मागमूसही नव्हता. एकदाच पाहिलेला रंग बायकोने इतकी वर्षं जसाच्या तसा मनात जपला होता.

"बाबा, काय झालं? डोळा दुखतोय का?"

"रंग बरोबर होता गं तिचा," काका म्हणाले. "आणि मी तिला हिरवट म्हणालो."

चष्मा लावा म्हणून लेक मागे लागली. काकांनी तो खिशात टाकला आणि बाहीकडे बघत बघत दारापर्यंत गेले.